पाठांतराचं पहिलं बक्षीस

मुलांकडून पाठ कसं करून घ्यायचं हे जबलपुरात माझ्याइतकं कुणाला कळत नाही, असं मी वीस-पंचवीस वर्षं समजत होते. समजत होते म्हणजे चारचौघांत सांगतही होते. स्वभावाला औषध नसतं.

मी इथल्या एका फॅक्टरीच्या हिंदी विभागात अनुवादक होते. साहेबांच्या इंग्रजी परिपत्रकांचं सरकारी हिंदी करायचं आणि ते कुणी वाचत नाही हे माहीत असूनही मात्रा तपासत बसायचं, अशी नोकरी. रविवारी सकाळी मात्र मी आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मुलांचा वर्ग घेत असे. गणपतीत मंडळाची पाठांतर स्पर्धा असते, तिची तयारी. इथल्या मराठी घरांतली मुलं आपसांत हिंदीतच बोलतात. मराठी त्यांना कळते, विशेषतः आई रागावली की. आईबापांना याची खंत असते. वर्षातून एकदा तरी पोर स्टेजवर उभं राहून मराठीत काही म्हणेल, एवढ्यासाठी ते त्यांना माझ्याकडे आणून सोडत. अर्थ कळो न कळो. मीही अर्थाच्या फार मागे लागत नसे. आधी जिभेवर चढू दे, अर्थ मागून येईल, असं म्हणत असे. तो आला की नाही हे विचारायला मी कधी गेले नाही.

माझी पद्धत साधी होती. आधी पहिली ओळ म्हणायची. मग पहिली आणि दुसरी. मग पहिली, दुसरी आणि तिसरी. कुठे अडलं की तिथून पुढे जायचं नाही. 'पुन्हा पहिल्यापासून!' हे शब्द मी इतक्या वेळा उच्चारले आहेत की आता स्वतः बाप झालेली माझी जुनी मुलं मला बाजारात पाहून हसत म्हणतात, "काकू, पुन्हा पहिल्यापासून?" या पद्धतीनं पाठांतर पक्कं होतं. खोट एकच राहते. मधूनच विचारलं तर मूल गडबडतं. विसावी ओळ कोणती म्हणून विचारा, त्याला मनातल्या मनात आधीच्या एकोणीस ओळी चालून यावं लागतं.

माझ्या वर्गातली सगळ्यांत तयार मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. बाप रेल्वेत, आई घरी ब्लाउज शिवायची. मुलगी 'ळ'चा 'ल' करायची, तर दोन रविवार मी तिच्याकडून 'केळं, बाळ, काळं' एवढंच घोटून घेतलं. तिनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. त्या वर्षीच्या स्पर्धेत ती एक लांबलचक कविता म्हणत होती आणि निम्म्यावर आली असताना दिवे गेले. माईक बंद. जनरेटर सुरू होईपर्यंत ती अंधारात हात जोडून तशीच उभी राहिली. दिवे आले, मी खालून खूण केली की चल, पुढे म्हण. तिनं तोंड उघडलं, मिटलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ कवितेचं नाव घेऊन पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. सगळा हॉल हसला, टाळ्या वाजल्या. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. प्रमाणपत्रावर 'अस्खलित पाठांतराबद्दल' असं मी माझ्या अक्षरात लिहिलं आणि खाली परीक्षक म्हणून सही केली.

आता ज्यांना पुढे कोर्टात शिक्षा झाली त्यांच्याविषयी. सगळे त्यांना काका म्हणायचे. फॅक्टरीच्या टूल रूममधून निवृत्त झालेले, हाताला कसब असलेले. गणपतीचं मखर दरवर्षी तेच करायचे, आणि हॉलच्या मागच्या खोलीत महिनाभर त्यांचं थर्माकोलचं काम चालायचं. मुलं त्यांच्याभोवती असायची, चमकी चिकटवायची, खळ लावायची. माझ्या यजमानांच्या छातीत कळ आली तेव्हा याच काकांनी आपल्या व्हॅनमधून त्यांना हॉस्पिटलात नेलं आणि दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसून राहिले. माझे यजमान त्यानंतर चार वर्षं जगले. हे मी विसरू शकत नाही, आणि पुढे जे केलं त्याचं हेच कारण होतं असं सांगायला मला आवडलं असतं.

मुलगी नऊ वर्षांची असताना, गणपतीनंतर महिन्याभरानं, तिनं आईला सांगितलं. मागच्या खोलीत काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. ते सांगण्याचा हक्क जिचा, तिनं ते जिथे सांगायचं तिथे सांगितलं आहे. आईबाप पोलिसांत गेले. काकांना घरून नेलं.

त्या संध्याकाळी मंडळाच्या ओसरीवर पंधरावीस माणसं जमली. कुणाचाच विश्वास बसत नव्हता. खरं तर विश्वास ठेवायचा प्रयत्नच कुणी करत नव्हतं. मुलीचे वडील आदल्या वर्षी मंडळाच्या सचिवपदाची निवडणूक हरले होते, आणि काकांनी त्यांच्या विरुद्ध उघड प्रचार केला होता. तेवढं पुरलं. कुणीतरी म्हणालं, "पण एवढीशी पोर असं स्वतःच्या मनानं कशी बोलेल?" सगळे माझ्याकडे वळले, कारण मुलांचं मला कळतं. मी चष्मा पुसला आणि म्हणाले:

"ती पाठांतरात पहिली येणारी मुलगी आहे. तिला काहीही शिकवा, जसंच्या तसं म्हणून दाखवेल."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. उपकाराची आठवण होतीच, पण खरं कारण ती नव्हती. पंधरावीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला बोलायला आवडतं, हे खरं कारण.

वाक्य ओसरीवरून उतरलं आणि चालू लागलं. दुसऱ्या दिवशी ते मी भाजीवाल्यापाशी ऐकलं, आठवड्यानं दुसऱ्या वसाहतीतल्या एका बाईनं ते मलाच ऐकवलं. "पढवलेली पोरगी आहे जी, पाठांतरात पहिली येते." मंडळाच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये ते आलं. मग सचिव घरी आले. "मॅडम, काकांचे वकीलसाहेब विचारून राहिले, त्या बक्षिसाचा काही कागद आहे काय?" मी माझी फाइल काढली. मी कागद नीट ठेवणारी बाई आहे. प्रमाणपत्राची प्रत त्यांच्या हातात दिली, वर चहाही दिला.

खटला सव्वा वर्ष चालला. डिसेंबरात निकाल लागला. काका दोषी, शिक्षा.

त्या दिवसांत मंडळात जे चाललं होतं, त्याला शोककळा म्हणता आलं असतं, पण शोकात माणसं इतकं बोलत नाहीत. "एका पोरीच्या सांगण्यावर?" हे तीन शब्द मी जिथे गेले तिथे ऐकले. ना कुणी पाहिलं, ना दुसरा साक्षीदार. उद्या कुणीही उठेल आणि आपलं पोर पढवून उभं करेल. दत्तजयंतीला प्रसाद वाटताना एका गृहस्थांनी समोर आलेल्या मुलाच्या हातावर शिरा न ठेवता ताटलीत ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "नको रे बाबा, हात लावायची सोय नाही राहिली!" सगळे खो-खो हसले. मीही हसले. काकांच्या बायकोकडे रोज कुणा ना कुणाचा डबा जात होता, आणि तो जायलाच हवा होता, ती बिचारी काय करणार? पण मुलीच्या घरी कुणी गेलं का, हे कुणी कुणाला विचारलंही नाही. ते लोक गावातल्याच रांझी भागात भाड्याच्या घरात राहायला गेले, तेव्हा बायका म्हणाल्या, तोंड दाखवायला जागा नसेल. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

हायकोर्टात अपील करायचं ठरलं. सोबत मंडळाचं एक निवेदन जोडायचं, काकांच्या चारित्र्याविषयी, सगळ्यांच्या सह्यांनिशी. ते हिंदीत कोण लिहिणार? अर्थात मी. सचिवांनी निकालाची प्रत आणून दिली. "तुम्ही एकदा बारीक पाहून घ्या मॅडम, जज्जसाहेबांनी कुठे काय गलती केली ते सापडेल तुम्हाला. तुमची नजर तेज आहे."

जेवणं आटोपून दुपारी मी गॅलरीत उन्हाला पाठ करून ते वाचायला बसले. हातात लाल पेन्सिल. कोर्टाची हिंदी मला नवी नव्हती. मुलीचं नाव कुठेच नव्हतं, सगळीकडे 'पीड़िता'. परिच्छेदाला तिथे कंडिका म्हणतात. पहिल्या काही कंडिकांत मी दोन ठिकाणी मात्रेची चूक काढली.

मग तिची उलटतपासणी आली. वकिलांनी लिहून दिलेले प्रश्न जज्जनी तिला विचारले होते. आधी शेवटचं विचारलं: घरी कशी आली? मग मधलं: खोलीत तेव्हा खिडकी कुठे होती, उघडी की बंद? मग सुरुवातीचं. मग परत शेवटचं. मध्ये तिला पाणी दिलं, थोडा वेळ बाहेर बसवलं, परत आत आणलं आणि भलतीकडूनच सुरू केलं. ती प्रत्येक वेळी तिथूनच बोलली. मागे गेली नाही. एका प्रश्नाला म्हणाली, 'मुझे याद नहीं।' दुसऱ्याला म्हणाली, 'ऐसा नहीं था, आप गलत बोल रहे हो।' निकालात लिहिलं होतं की बचाव पक्षानं पाठांतराचं प्रमाणपत्र दाखवून ही साक्ष सिखाई-पढ़ाई असल्याचं सुचवलं, परंतु साक्षीत तसं काही दिसत नाही.

मुलांना पढवता येतं, हे मी कुणाकडून शिकायला नको. मी तेच करत आले. आणि म्हणूनच माझ्या हातातली पेन्सिल थांबली. पढवलेलं मूल 'मला आठवत नाही' म्हणत नाही, ते अडखळतं आणि पहिल्या ओळीकडे पळतं. हीच मुलगी, दिवे गेल्यावर अर्ध्या कवितेतून सुरुवातीला पळाली होती. जज्जना हे माहीत असायचं कारण नव्हतं. वकिलांनाही नव्हतं. साऱ्या जबलपुरात हे एका माणसाला माहीत होतं आणि ते माणूस उन्हात बसून मात्रा तपासत होतं.

पुढच्या कंडिकेत मी स्वतः होते. तिला विचारलं होतं, त्यानंतर तू कुठे गेलीस? ती म्हणाली, 'फिर मैं कविता की क्लास में गई। उस दिन मुझे कविता याद नहीं आ रही थी। आजी ने डाँटा। हाथ में थर्माकोल चिपका था, वो मैं निकाल रही थी।'

एवढंच. माझ्याविषयी तक्रार नव्हती, मी फक्त वाटेत आले होते. आणि तो रविवार मला लख्ख आठवला. ती उशिरा आली होती. वर्गाच्या कडेला बसून दंडावरचे पांढरे दाणे एकेक करून काढत होती. मी तिला उभं केलं. दुसऱ्या ओळीला अडली. जी कधीच अडत नव्हती ती. 'पुन्हा पहिल्यापासून.' परत दुसऱ्या ओळीला अडली. 'पुन्हा पहिल्यापासून.' पाच वेळा, सहा वेळा, इतर मुलं फिदीफिदी हसेपर्यंत. शेवटी मी म्हणाले, बक्षीस मिळालं की डोक्यात हवा जाते काहींच्या. ती खाली बसली आणि परत ते दाणे काढू लागली.

मला लाज वाटली, असं लिहिणं फार थोडं आहे. पहिला विचार काय आला सांगू? हे वाचलेलं कुणाला कळता कामा नये. मुलीचा विचार दुसरा आला.

सचिव आले तेव्हा मी म्हणाले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, लिहवत नाही. निवेदन दुसऱ्या कुणी लिहिलं, भिकार हिंदीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सह्यांचे कागद तिळगुळाच्या ताटाशेजारीच ठेवले होते. बायका कुंकू लावून घेत, लाडू घेत, सही करत आणि पुढे सरकत. माझी पाळी आली. पुढे सचिवांची बायको, मागे रांग. मी सही केली. मोतीबिंदू उतरलेल्या बाईला सहीची रेघ बरोबर सापडली. 'गोड बोला' म्हणून एकमेकींना तिळगूळ देत आम्ही घरी आलो.

फेब्रुवारीत बाजारात मटारच्या ढिगापाशी मुलीची आई भेटली. मी नजर चुकवणार तेवढ्यात तिनंच हाक मारली.

"काकू, एक विचारू काय? रागावू नका जी."

"विचार की."

"ती आता काहीच पाठ नाही करून राहिली. पाढे नाही, इतिहासाचे उत्तरं नाही, काहीच नाही. पुस्तक समोर धरून वाचते फक्त. टीचर म्हणतात फेल होईल. मी विचारलं, काहून गं असं करतेस? तर म्हणते, पाठ झालं की लोक झूठ म्हणतात." तिनं मटारची एक शेंग उगाच सोलली. "कोर्टात तिचं बक्षिसाचं सर्टिफिकेट दाखवलं होतं ना. मलाच विचारलं, ये सही है? मी म्हटलं, हो. कोणी नेऊन दिलं, देव जाणे. तुमच्या हातानी लिहिलेलं होतं, तिनी किती जपून ठेवलं होतं. आता फाडून टाकलं. तुम्ही एकदा समजवाल काय तिला? तुमचं ऐकायची ती."

माझ्या हातात पिशवी होती. सांगायला एवढा सोपा क्षण परत मिळणार नव्हता. मी म्हणाले, "मुलं आहेत, मोठी झाली की होतं सगळं ठीक." आणि पाव किलो मटार जास्त घेतले, का कुणास ठाऊक.

घरी येऊन ते सोलता सोलता मात्र मला रडू फुटलं. मंडळाची वार्षिक सभा गुढीपाडव्याला असते. तिथे उठून सगळ्यांसमोर बोलायचं, मी ठरवलं. भाषण लिहून काढलं. आठ दिवस आरशासमोर उभी राहून ते पाठ केलं, माझ्याच पद्धतीनं: पहिलं वाक्य, मग पहिलं आणि दुसरं, मग पहिलं, दुसरं आणि तिसरं. एकही शब्द चुकू नये अशी तयारी झाली.

सभेत अपिलाचा विषय निघाला आणि मी उठले. आवाज ठीक निघाला.

"ती मुलगी पढवलेली आहे, हे वाक्य सगळ्यांत आधी मी बोलले होते, इथल्याच ओसरीवर, आणि ते खोटं आहे."

मी दुसऱ्या वाक्यासाठी श्वास घेतला. तेवढ्यात सचिव खुर्चीतून न उठता, हसत, अगदी आदरानं म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कोणी पढवलं जी?"

पहिल्या रांगेतून हसू उठलं आणि मागपर्यंत गेलं. काही वाईट माणसं नव्हती ती. माझ्या यजमानांना खांदा दिलेली माणसं होती. मी तोंड उघडलं. दुसरं वाक्य आठवेना. पहिलंच वाक्य परत परत जिभेवर येत होतं. ते तर म्हणून झालं होतं, ते पुन्हा कसं म्हणणार? कुणीतरी म्हणालं, "बसा काकू, पाणी घ्या, वय झालं आता." मी बसले. पाणी घेतलं. विषय पुढे गेला, निवेदन हात वर करून मंजूर झालं. मी हात वर केला नाही. तेवढीच माझी बहादुरी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिक्षा करून मी रांझीला गेले. आईनं दार उघडलं, खुर्ची दिली. मी बसण्याआधीच सांगितलं. वाक्य माझं होतं. प्रमाणपत्राची प्रत मी दिली. निवेदनावर माझी सही आहे, आणि ती मी निकाल वाचल्यानंतर केली आहे. ती शिलाई मशीनला टेकून ऐकत होती.

"तुम्ही दिलं?" ती म्हणाली. "तुम्ही?" मी मान हलवली. "आणि बाजारात मी तुम्हालाच विचारून राहिली होती." ती आत स्वयंपाकघरात गेली. पाणी विचारलं नाही. एवढ्या वर्षांत या गावात कुण्या मराठी घरात मला पाणी विचारलं नाही असं झालं नव्हतं. मला ते योग्य वाटलं.

मुलगी दिवाणावर बसून गृहपाठ करत होती. अकरा वर्षांची झालेली, उंच. पाढ्यांचं पुस्तक समोर उघडं. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "बाळा, माझं चुकलं. काल मंडळात मी सगळ्यांसमोर तसं सांगायला उठले होते."

"सगळं बोलल्या?"

"नाही. एकच वाक्य."

"काहून?"

"मध्येच टोकलं गं कुणीतरी. सगळे हसले. मग मला पुढचं आठवेना."

तिनं बोट पुस्तकातल्या ओळीवर तसंच ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं. "मला पण टोकत होते," ती म्हणाली. "बार-बार. वकील अंकल मोठ्यानी श्वास सोडायचे."

"माहीत आहे. मी वाचलं."

"तुम्ही काय, पाठ करून गेल्या होत्या?"

मी हो म्हणाले. खोटं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं ओळीवरचं बोट उचललं. मग अगदी माझ्या वर्गातल्या आवाजात, पण माझ्यासारखं न ओरडता म्हणाली, "मग? पुन्हा पहिल्यापासून."

मला वाटलं, ती मला आत्ता, तिथे म्हणायला सांगते आहे. मी पदर सारखा केला, हात जोडले आणि सुरुवात केली, "ती मुलगी..."

"यहाँ नहीं, आजी," ती म्हणाली. "तिकडे. जिथे टोकलं तिथे." आणि परत पुस्तकात बघून पाढा वाचू लागली.

रामनवमीला मंडळात सगळे जमतात. त्याला आता चार दिवस आहेत. या वेळी मी काहीही पाठ केलेलं नाही.